फोटोचा फेरफार : डिजिटल छायाचित्रावर काय काय केलं, याची नोंद

(सार्वजनिक व्याख्यानाचं हे शब्दांकन आहे. बोलण्याची ढब तशीच ठेवली आहे. पडद्यावर दाखवलेल्या गोष्टी शब्दांत सांगितल्या आहेत. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.)



व्याख्यानाचं नाव वाचून काही जणांना वाटलं असेल की खोटे फोटो कसे पकडायचे ते आम्ही सांगणार. त्याबद्दल थोडं बोलूच. पण आमचा मुख्य प्रश्न वेगळा आहे. खरा फोटो खरा आहे हे दाखवायची वेळ आली, तर तुमच्या हातात काय असतं? तो फोटो पिकाच्या नुकसानीचा असेल, शेजारच्या बांधकामाने आपल्या भिंतीला गेलेल्या तड्याचा असेल, किंवा बातमीदाराने युद्धात काढलेला असेल. समोरचा म्हणाला, "यात काहीतरी केलंय," तर उत्तर काय द्यायचं?

अडचण अशी की बहुतेक वेळा काहीतरी केलेलं असतंच. उजेड वाढवलेला असतो, कड कापलेली असते, वाकडं क्षितिज सरळ केलेलं असतं. त्यामुळे "आम्ही हातही लावलेला नाही" असं सहसा म्हणता येत नाही. "काय केलं ते हे बघा" असं मात्र म्हणता आलं पाहिजे. आजचं सगळं बोलणं या एका वाक्याभोवती आहे.

इथे आपल्या मराठीतला एक शब्द फार उपयोगी पडतो : फेरफार. रोजच्या बोलण्यात फेरफार म्हटलं की लबाडीचा वास येतो. पण तलाठी कार्यालयात हाच शब्द अगदी सरळ आहे. जमिनीची आजची स्थिती सातबाऱ्यावर दिसते. ती तशी कशी झाली, म्हणजे वारस कधी लागले, खरेदीखत कधी झालं, बोजा कधी चढला, कधी उतरला, हे फेरफार नोंदवहीत असतं. गाव नमुना सहा. सातबाऱ्यावर नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक असतो, तो धरून मागे मागे जाता येतं. जमिनीत फेरफार झाला म्हणून कोणी घाबरत नाही. फेरफाराची नोंद सापडत नाही, तेव्हा पोटात गोळा येतो.

फोटोचंही तसंच आहे. पडद्यावर दिसतो तो सातबारा. आपल्याला हवी आहे त्याची फेरफार नोंदवही. आणि आणखी एक गोष्ट हवी, ती पुढच्या उदाहरणातून कळेल.

एक फोटो, त्यातल्या नोंदी आणि एक मूळ फाइल

२० नोव्हेंबर २०१२. गाझा शहर. इस्रायलच्या हवाई हल्ल्यात मारल्या गेलेल्या दोन लहान भावंडांचे मृतदेह घेऊन माणसं अरुंद गल्लीतून मशिदीकडे चालली आहेत. मागे स्ट्रेचरवर त्यांच्या वडिलांचा मृतदेह आहे. हा फोटो स्वीडनचे छायाचित्रकार पॉल हॅन्सन यांनी काढला. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याला वर्ल्ड प्रेस फोटोचा वर्षातला सर्वोत्कृष्ट छायाचित्राचा पुरस्कार मिळाला.

पुरस्कार मिळाला तसं लोक बारकाईने बघायला लागले. गल्लीतला प्रकाश जरा सिनेमासारखा वाटतो, चेहरे फार उजळ आहेत, अशी कुजबुज होती. मे २०१३ मध्ये नील क्रॉवेट्झ या संगणक-विश्लेषकाने जाहीर दावा केला की हे चित्र अनेक फोटो जोडून बनवलेलं आहे. त्याच्या आधारांतला एक महत्त्वाचा आधार काय होता? फाइलच्या पोटात असलेली संपादनाची नोंद. ती सांगत होती की फाइल फोटो काढल्यानंतर काही आठवड्यांनी, जानेवारी २०१३ मध्ये, पुन्हा जतन झाली आहे आणि तिच्यात एकाहून जास्त फाइली एकत्र आल्या आहेत.

दोन दिवसांत हे जगभर पसरलं. विचार करा, यात पणाला काय लागलं होतं. एका छायाचित्रकाराचं नाव तर होतंच. पण फोटो खोटा ठरला असता, तर "ती मुलं, ती अंत्ययात्रा, तेही खोटंच असेल" असं म्हणायला कितीतरी लोक तयार बसले होते.

हॅन्सन यांनी काय केलं होतं ते त्यांनी सांगितलं. गल्लीत वर प्रखर उजेड आणि खाली सावली होती. त्यांनी एकच रॉ फाइल वेगवेगळ्या उजेडाने, म्हणजे एकदा उजळ आणि एकदा गडद, अशी तयार केली आणि त्या आवृत्त्या एकमेकींवर ठेवून मिळवल्या. नोंदीत एकाहून जास्त फाइली दिसत होत्या त्या यामुळे. फाइली अनेक, पण मूळ एकच.

हे खरं कशावरून? वर्ल्ड प्रेस फोटोने तज्ज्ञांना बोलावलं. त्यांत डिजिटल छायाचित्रांच्या न्यायवैद्यक तपासणीत नाव असलेले हॅनी फरीद होते, केव्हिन कॉनर होते, नेदरलँड्सचे एदुआर्द द काम होते. त्यांच्यापुढे हॅन्सन यांची रॉ फाइल आणि पुरस्कारप्राप्त जेपेग अशा दोन्ही ठेवल्या. त्यांचा निष्कर्ष असा : रंग आणि उजेड यांत भरपूर काम केलेलं आहे, काही भाग उजळले आहेत, काही गडद केले आहेत. पण प्रत्येक बिंदू मूळ जागेवरच आहे, कुठून काही आणून चिकटवलेलं नाही.

या प्रकरणात नोंद खोटी नव्हती. नोंदीत जे लिहिलं होतं ते घडलंच होतं. पण "फाइली एकत्र केल्या" एवढ्यावरून त्या दोन वेगळ्या प्रसंगांच्या होत्या की एकाच रॉ फाइलच्या, हे कळत नव्हतं. वाद मिटला तो मूळ फाइल जागेवर होती म्हणून. हॅन्सन यांनी जागा वाचवायला रॉ फाइल पुसली असती, तर तीच नोंद त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून मिरवली असती.

उलट बाजूचं उदाहरणही थोडक्यात सांगतो. मार्च २००३, इराकमधलं बसरा. लॉस एंजेलिस टाइम्सचे छायाचित्रकार ब्रायन वॉल्स्की यांनी लागोपाठ काढलेले दोन फोटो जोडून एक बनवला. सैनिकाचा हात एका फोटोतून, मूल घेतलेला माणूस दुसऱ्यातून. मागच्या गर्दीत तीच माणसं दोनदा दिसतात, हे छापून आल्यावर कोणाच्या तरी लक्षात आलं. वर्तमानपत्राने त्यांना कामावरून काढलं आणि दोन मूळ फोटो व जोडलेला फोटो असे तिन्ही वाचकांपुढे ठेवले. तिन्ही शेजारी ठेवल्यावर कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. मूळ फाइल निर्दोष माणसाला सोडवते, तशी दोषीला पकडूनही देते.

तर, दोन गोष्टी हव्यात : मूळ प्रत आणि तिच्यापासून आजच्या प्रतीपर्यंतची नोंद. एक असून दुसरी नसेल, तर काम अर्धवट राहतं.

डार्करूममध्ये हे कसं चालायचं

हा प्रश्न संगणकाबरोबर आला असं नाही. फिल्मच्या काळात मूळ म्हणजे निगेटिव्ह. प्रिंट काढताना कुठे जास्त प्रकाश द्यायचा, कुठे हाताची सावली धरून कमी द्यायचा, यावर चित्र ठरायचं. न्यूयॉर्कला मॅग्नम या छायाचित्रकारांच्या संस्थेच्या डार्करूममध्ये पाब्लो इनिरिओ हे प्रिंटर काम करत. त्यांनी खुणा केलेल्या चाचणी-प्रिंट प्रसिद्ध आहेत. डेनिस स्टॉक यांनी १९५५ मध्ये टाइम्स स्क्वेअरवर पावसात चालणाऱ्या जेम्स डीनचा काढलेला फोटो घ्या. इनिरिओंच्या प्रिंटवर गोल काढलेत, रेघा मारल्यात, प्रत्येक भागावर सेकंदांचे आकडे लिहिलेत. तो कागद हातात असेल तर दुसरा कुशल माणूसही तसाच प्रिंट काढू शकेल.

तो आकड्यांचा कागद म्हणजे फेरफार नोंदवही. निगेटिव्ह वेगळ्या पाकिटात सुरक्षित, खुणांचा कागद वेगळा आणि लोकांना दाखवायचा प्रिंट वेगळा. या तीन गोष्टी वेगळ्या ठेवणं तेव्हा आपोआप व्हायचं, कारण त्या तीन वस्तू होत्या. डिजिटलमध्ये एकच फाइल असते आणि 'सेव्ह' दाबलं की मूळ, नोंद आणि प्रिंट एकमेकांत विरघळून जातात.

संपादनाचे दोन मार्ग

संगणकावर फोटो बदलायचे दोन मार्ग आहेत. फरक समजला की पुढचं सगळं सोपं जातं.

पहिला मार्ग : बिंदूच बदलायचे. फाइल उघडली, उजेड वाढवला, सेव्ह केलं. जुने बिंदू गेले, नवे आले. जेपेग असेल तर आणखी नुकसान होतं, कारण जेपेग प्रत्येक वेळी जतन करताना चित्र आठ बाय आठ बिंदूंच्या चौकोनांत तोडून डोळ्याला कमी जाणवणारी माहिती टाकून देतं. दहा वेळा उघडून दहा वेळा सेव्ह करा, आकाशात चौकोन दिसायला लागतात.

तुम्ही म्हणाल, फोटोशॉपमध्ये हिस्टरी दिसते की! दिसते. ती सोय १९९८ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून आहे. पण ती चालू कामापुरती आहे. आजच्या आवृत्त्यांत ती मुळात शेवटचे ५० टप्पे ठेवते आणि फाइल बंद केली की सगळी जाते. फळ्यावरचं गणित घंटा झाल्यावर पुसतात, तसं. कायमची नोंद हवी असेल तर फोटोशॉपच्या सेटिंग्जमध्ये 'हिस्टरी लॉग' नावाचा पर्याय आहे. तो मुळात बंद असतो. चालू केला की केलेली कामं फाइलच्या आत, वेगळ्या मजकूर-फाइलमध्ये किंवा दोन्हीकडे लिहिली जातात. किती तपशील हवा तेही निवडता येतं. इथे बसलेल्यांपैकी फोटोशॉप कितीजण वापरतात? बरेच. आणि हा लॉग कितीजणांनी चालू केलाय? (दोन हात वर होतात, हशा.)

दुसरा मार्ग : बिंदूंना हात लावायचा नाही, फक्त सूचना लिहायच्या. "उजेड इतका वाढव, डावी कड इतकी काप." पडद्यावर दिसतं ते मूळ अधिक सूचना असं मिळून. सूचना पुसल्या की मूळ जसंच्या तसं. याला विनाशरहित संपादन म्हणतात. ॲपलचं ॲपर्चर २००५ मध्ये आणि ॲडोबीचं लाइटरूम २००७ मध्ये आलं, तेव्हापासून ही पद्धत सर्वसामान्य छायाचित्रकारांपर्यंत पोचली. डार्कटेबल हे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअरही असंच चालतं. तुमच्या मोबाइलमध्येही हे आहे. आयफोनवर किंवा गूगल फोटोजमध्ये बदल करून ठेवल्यावरही 'मूळ रूप परत आणा' असा पर्याय दिसतो तो यामुळे.

आमचा सल्ला सरळ आहे. शक्य तिथे दुसरा मार्ग धरा. पहिला धरावाच लागला, तर प्रत काढून तिच्यावर काम करा.

नोंद राहते कुठे?

सूचना आणि नोंदी नेमक्या राहतात कुठे, हे माहीत नसल्यामुळे त्या सर्वांत जास्त हरवतात. तीन ठिकाणं आहेत.

एक, फोटोच्या फाइलच्या पोटात. कॅमेरा स्वतः जी माहिती लिहितो तिला एक्सिफ म्हणतात. हे प्रमाण जपानमध्ये १९९५ च्या सुमारास ठरलं. कॅमेऱ्याचं मॉडेल, उघडझाप किती वेळ, भोक किती मोठं, तारीख, कधी ठिकाणही. एक्सिफमध्ये फोटो काढल्याची तारीख वेगळी आणि फाइल बदलल्याची तारीख वेगळी असते. दोन्हींत अंतर दिसलं की कुठेतरी हात लागलाय एवढं कळतं. शेवटचं कोणतं सॉफ्टवेअर वापरलं त्याचं नावही अनेकदा मिळतं. आणखी एक गंमत. एक्सिफमध्ये फोटोची नखाएवढी छोटी प्रतिमा ठेवलेली असते. काही सॉफ्टवेअर मोठं चित्र बदलायची, पण ही छोटी प्रतिमा तशीच सोडायची. कापलेली कड तिथे शाबूत सापडायची.

एक्सिफच्या जोडीला एक्सएमपी. हे ॲडोबीने २००१ मध्ये आणलं, पुढे ते आंतरराष्ट्रीय प्रमाण झालं. यात फाइलला ओळख क्रमांक मिळतात. मूळ दस्तऐवजाचा क्रमांक कायम राहतो आणि प्रत्येक जतनाबरोबर आवृत्तीचा क्रमांक बदलतो. कोणत्या फाइलपासून ही बनली, तिच्यात काय मिळवलं, केव्हा आणि कशाने जतन केली, हे लिहिता येतं. हॅन्सन प्रकरणात याच नोंदीवर वाद झाला. हे सगळं वाचायला एक्झिफटूल नावाचं मोफत साधन आहे. फिल हार्वे यांनी ते २००३ पासून सांभाळलंय.

दोन, फोटोशेजारच्या छोट्या फाइलमध्ये. रॉ फाइलमध्ये सहसा काही लिहीत नाहीत, म्हणून सूचना त्याच नावाच्या एक्सएमपी फाइलमध्ये जातात. डार्कटेबल असंच करतं. इथे धोका साधा आहे : तुम्ही फोल्डरमध्ये जाऊन फोटोचं नाव बदललंत आणि शेजारच्या फाइलचं विसरलात, की जोडी तुटली. किंवा "ही कसली बारकी फाइल" म्हणून ती पुसलीत, की केलेलं काम गेलं.

तीन, सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये. लाइटरूमचा कॅटलॉग म्हणजे हेच. टप्प्याटप्प्याचा सगळा इतिहास तिथे असतो. लाइटरूमला एक्सएमपी फाइलीही लिहायला सांगता येतं, पण त्यात सध्याच्या सेटिंग्ज जातात, टप्प्यांचा इतिहास जात नाही आणि आभासी प्रतीही जात नाहीत. म्हणजे सातबारा जातो, फेरफार नोंदवही कॅटलॉगमध्येच राहते. अनेक जण फोटोंचा बॅकअप घेतात आणि कॅटलॉगचा घेत नाहीत. डिस्क गेली की मूळ फोटो मिळतात, त्यांच्यावरचं पाच वर्षांचं काम मिळत नाही.

आता यातली कोणतीही नोंद व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवा. फोटो दाबून लहान होतो आणि पोटातली बहुतेक माहिती गळून पडते. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर फाइल जशीच्या तशी जाते. एवढी एक सवय लावलीत तरी आजचं येणं सार्थकी लागलं.

नोंद बदलता येते, मग तिच्यावर भरवसा कसा?

रास्त शंका आहे. एक्सिफ आणि एक्सएमपी हा शेवटी मजकूर आहे. ज्याला वाचता येतो त्याला बदलताही येतो. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचं असेल तर खरी नोंदही चुकीची तारीख सांगते.

त्यासाठी हॅशचा उपयोग होतो. हॅश म्हणजे फाइलमधल्या सगळ्या माहितीवरून गणिताने काढलेला एक ठसा. एसएचए-२५६ ही पद्धत वापरली तर ६४ चिन्हांची एक ओळ मिळते. फाइलमधला एक बिंदू बदला, ती ओळ पूर्ण बदलते. ठशावरून फोटो तयार करता येत नाही, पण "ही फाइल तीच आहे का" याचं उत्तर क्षणात मिळतं. हॅश काढायची सोय विंडोज, मॅक आणि लिनक्समध्ये आधीपासून असते.

न्यायालयातही आता याला जागा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यायचं असतं, त्याच्या नमुन्यात हॅश आणि तो कोणत्या पद्धतीने काढला हे लिहायची जागा आहे. त्याआधीच्या कायद्याखालचा एक महत्त्वाचा निकाल आपल्या जालन्याशी जोडलेला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत भरला का, हा वाद होता आणि पुरावा होता कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण. जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीला उभं राहून सादर केलं, तर प्रमाणपत्र लागत नाही. नक्कल सादर करायची असेल तर ते आवश्यक आहे. मूळ आणि नक्कल यांतला भेद कायदाही असा पाळतो.

अलीकडचा आणखी एक प्रयत्न सांगायला हवा. २०२१ मध्ये ॲडोबी, मायक्रोसॉफ्ट, बीबीसी, इंटेल, आर्म आणि ट्रूपिक यांनी मिळून सी-टू-पी-ए नावाची आघाडी उभी केली. कल्पना अशी : कॅमेऱ्याने फोटो काढतानाच डिजिटल सही करायची, पुढे प्रत्येक सॉफ्टवेअरने आपण काय केलं ते लिहून त्यावर आपली सही जोडायची. मधली नोंद कोणी बदलली तर सही जुळत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये लायकाचा एम-११-पी हा अशी सोय असलेला पहिला कॅमेरा बाजारात आला. तलाठ्याने नोंद घ्यायची आणि मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित करायची, तसंच हे. पण त्याची मर्यादाही बघा. सही केलेली नोंद फाइलपासून काढून टाकता येते. त्यामुळे नोंद असलेल्या फोटोबद्दल काही ठाम सांगता येईल. नोंद नसलेला फोटो खोटा आहे, असं म्हणता येणार नाही. आणि मुद्दाम उभा केलेला देखावा सहीच्या कॅमेऱ्याने टिपला, तरी तो देखावाच राहतो.

घरी, कार्यालयात काय करावं

आम्ही जुन्या आणि नव्या फोटोंच्या संग्रहांवर काम करतो, तेव्हा पाच गोष्टी पाळतो. महागडं काही लागत नाही.

१. कार्डातून उतरवलेल्या फाइली त्याच दिवशी 'मूळ' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायच्या आणि त्या फक्त वाचता येतील अशा करायच्या. त्या उघडून बघायच्या, त्यांच्यावर काम करायचं नाही.

२. त्या फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींचे हॅश काढून एका मजकूर-फाइलमध्ये ठेवायचे. ती फाइल स्वतःला आणि आणखी एका माणसाला ईमेल करायची. ईमेलवर तारीख पडते, म्हणून.

३. नवीन प्रतीच्या नावात कॅमेऱ्याने दिलेला क्रमांक कायम ठेवायचा. मूळ ०४१२ असेल तर पुढच्या प्रती '०४१२-छपाई', '०४१२-वेब'. 'फायनल', 'फायनल-नवा', 'फायनल-खरा' ही नावं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. (हशा.) त्यातून कोण कोणाचा बाप हे कळत नाही.

४. एक साधी नोंदवही, कागदाची किंवा तक्त्याची. रकाने पाच : तारीख, मूळ क्रमांक, काय केलं, कशासाठी केलं, कोणी केलं. उदाहरणार्थ : "१५ जुलै, ०४१२, उजवी कड कापली आणि सावल्या उजळल्या, तडा स्पष्ट दिसावा म्हणून." 'कशासाठी' हा रकाना सोडू नका. कोणतंही सॉफ्टवेअर तो भरत नाही, आणि दहा वर्षांनी पहिला प्रश्न तोच येतो.

५. बॅकअपमध्ये मूळ फाइली, शेजारच्या छोट्या फाइली, कॅटलॉग आणि नोंदवही असं सगळं एकत्र.

घरच्या सहलीचे आठशे फोटो असतील तर प्रत्येकाची नोंद करत बसू नका. जे फोटो उद्या कोणापुढे ठेवावे लागतील, ज्यांच्यावरून कोणाचा हक्क, नुकसान किंवा नाव ठरेल, त्यांच्यासाठी हे पाळा.

आता प्रश्न घेऊ.

निवडक प्रश्नोत्तरं

प्रश्न : माझ्याकडे फॉरवर्ड होत आलेला फोटो आहे. त्याचा इतिहास काढता येईल का?

उत्तर : फाइलमधून सहसा नाही. नोंद वाटेतच गळलेली असते. अशा वेळी उलट दिशेने जायचं. प्रतिमा-शोध वापरून तोच फोटो आधी कुठे, कोणत्या तारखेला, किती मोठ्या आकारात आला होता ते बघायचं. जितकी जुनी आणि मोठी प्रत मिळेल, तितके आपण मुळाच्या जवळ जातो. आणि पाठवणाऱ्याला विचारायचं, "काका, तुमच्याकडे हा कुठून आला?" निम्मे फोटो या एका प्रश्नावरच थांबतात.

प्रश्न : हल्ली मोबाइलच फोटो काढताना चार-पाच चित्रं एकत्र करतो, चेहरे गुळगुळीत करतो. मग मूळ म्हणायचं कशाला?

उत्तर : चांगला प्रश्न आहे. उपकरणाने तुमच्या हातात दिलेली पहिली फाइल, ती तुमच्यापुरती मूळ. तिच्या आधी फोनने काय केलं ते तुमच्या हातात नसतं, पण कोणता फोन, कोणता मोड हे एक्सिफमध्ये असतं आणि तेही तुमच्या नोंदीत यावं. पुराव्यासाठी फोटो काढत असाल तर सौंदर्यवर्धनाचे मोड बंद ठेवा, आणि फोनमध्ये रॉची सोय असेल तर ती वापरा.

प्रश्न : आमच्या आईच्या वडिलांचा एकच फोटो आहे, फाटलेला. दुकानात देऊन दुरुस्त करून आणला. चेहरा एकदम स्वच्छ आलाय. घरच्या फोटोला कशाला हवी नोंद?

उत्तर : तिथेच सर्वांत जास्त हवी. फाटक्या जागी जे डोळे, जी जिवणी आता दिसते, ती कोणीतरी अंदाजाने भरलेली आहे. हाताने भरली असेल किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने दुसऱ्या हजारो चेहऱ्यांवरून. दिसायला छान आहे, भिंतीवर जरूर लावा. पण तुमच्या नातवंडांना खापरपणजोबांचा चेहरा म्हणून तोच ठाऊक असेल आणि फाटका फोटो कोणी रद्दीत दिला असेल, तर खरा चेहरा घरातून कायमचा गेला. म्हणून तीन गोष्टी करा. फाटक्या फोटोचा काही दुरुस्ती न करता चांगला स्कॅन काढून ठेवा. दुरुस्त केलेल्या प्रतीच्या मागे पेन्सिलने लिहा : "उजवा डोळा व हनुवटी नंतर भरलेली, मूळ फोटो अमुक पाकिटात." आणि ते पाकीट आईला दाखवून ठेवा. आणखी शंभर वर्षांनी संगणक कोणते असतील सांगता येत नाही, पण पाठीमागची पेन्सिल तेव्हाही वाचता येईल.